वसंत मून यांची ‘वस्ती’ : वेदनेच्या मोजपट्टीबाहेरचे एक स्वकथन

प्रस्तावना

मराठी साहित्याच्या इतिहासात १९७८ हे वर्ष दया पवार यांच्या ‘बलुतं’मुळे नोंदले गेले. त्यानंतरच्या दशकात प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही स्वकथने एकामागून एक प्रकाशित झाली. यांपैकी ‘उपरा’ला १९८१ चा व ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. या प्रवाहाची समीक्षा विपुल झाली, विद्यापीठीय अभ्यासक्रमांत तिला स्थान मिळाले आणि तिच्यातूनच दलित स्वकथन कसे असते याविषयीची एक ठाम कल्पनाही रूढ झाली.

याच प्रवाहात १९९५ मध्ये ग्रंथालीने वसंत मून यांचे ‘वस्ती’ हे पुस्तक प्रकाशित केले. मून (१९३२-२००२) हे महाराष्ट्राला परिचित आहेत ते प्रामुख्याने महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखन आणि भाषणांच्या ग्रंथमालेचे संपादक म्हणून. १९७९ मध्ये या मालेचा पहिला खंड निघाला आणि पुढे आयुष्यभर मून या कामाशी बांधलेले राहिले. १९८७ मध्ये चौथ्या खंडातील ‘रिडल्स इन हिंदुइझम’वरून जो वाद उद्भवला व १९८८ च्या प्रारंभी मुंबईच्या रस्त्यांवर ज्याचे पडसाद उमटले, त्या वादळाच्या केंद्रस्थानी असलेला ग्रंथ त्यांच्याच संपादनाचा होता. अशा संपादकाने साठी ओलांडल्यावर आपल्या बालपणीच्या आणि तारुण्याच्या आठवणी लिहिल्या, ही साहित्यदृष्ट्या मोठी घटना होती. तथापि ‘बलुतं’, ‘उपरा’ किंवा ‘अक्करमाशी’ यांच्या वाट्याला जेवढी चर्चा आली, तेवढी ‘वस्ती’च्या वाट्याला आली नाही. असे का झाले असावे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या उपेक्षेचे कारण पुस्तकात शोधण्यापेक्षा ते समीक्षेच्या मोजपट्टीत शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘बलुतं’ने घडविलेली अपेक्षा

‘बलुतं’च्या स्वागताचा इतिहास येथे थोडक्यात पाहणे आवश्यक ठरते, कारण पुढील सर्व स्वकथने त्या स्वागताच्या सावलीत वाचली गेली. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या लोकप्रिय लेखकाने या पुस्तकाची मनःपूर्वक दखल घेतली आणि पांढरपेशा वाचकवर्गापर्यंत ते पोहोचले. या वाचकाला स्वतःच्या गावाच्या वेशीबाहेरचे जग प्रथमच आतून दिसले आणि तो हादरला. दुसरीकडे दलित समाजातील काही वाचकांनी, घरातले उणेदुणे चव्हाट्यावर मांडले, अशी तक्रार केली. या दोन्ही प्रतिक्रिया परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांचे गृहीत एकच होते. दलित लेखकाने दाखवायचे ते दुःख, दैन्य आणि लाज. ते दाखविले म्हणून एकाने गौरविले आणि दाखविले म्हणूनच दुसरा दुखावला.

‘बलुतं’चे निवेदन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. दगडू मारुती पवार हा दया पवार या लेखकाला आपली कहाणी सांगतो आणि लेखक ती ऐकतो, अशी त्याची रचना आहे. एकाच माणसाचे दोन तुकडे एकमेकांसमोर बसलेले आहेत. शिकून शहरात आलेला एक आणि महारवाड्यात, कावाखान्यात राहून गेलेला दुसरा. हा दुभंग अस्सल होता, यात शंका नाही. परंतु मराठी समीक्षेला तो विशेष जवळचा वाटला याचेही कारण आहे. नवकथा आणि नवकाव्यानंतरच्या मराठी समीक्षेला एकाकी, फुटलेल्या, स्वतःशी भांडणाऱ्या ‘मी’ची सवय झालेली होती. अपरिचित अनुभव परिचित साच्यातून आला, तेव्हा त्याला कलाकृती म्हणून मान्यता देणे सोपे गेले.

पुढे दलित साहित्याच्या पुरस्कर्त्यांनीही वेदना, नकार आणि विद्रोह ही त्रिसूत्री मांडली. आत्मचरित्र म्हणावे, आत्मकथन म्हणावे की स्वकथन, हा वादही बराच रंगला. कृतार्थ आयुष्याच्या शेवटी लिहिले जाते ते आत्मचरित्र आणि ऐन उमेदीत, जखम ओली असताना सांगितले जाते ते स्वकथन, असा भेद करण्यात आला. हा भेद त्या काळी उपयुक्त होता. मात्र त्यातून नकळत असा अर्थ निघाला की जखम ओली नसेल तर स्वकथन दुय्यम. साठीनंतर लिहिणारा, शासकीय सेवेतून निवृत्त झालेला, शांत स्वराचा मून या व्याख्येत कोठे बसणार?

येथे आणखी एक विसंगती नोंदविली पाहिजे. नव्वदच्या दशकात दलित स्वकथनांविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येत असे, आणि आजही परिसंवादांत ती ऐकू येते. तीच भूक, तेच उष्टे, तोच अपमान, म्हणजे तोचतोपणा आला, साचा झाला, अशी ती तक्रार. दुःख एकसारखे असेल तर त्याची कथनेही एकसारखी असणार, हे उत्तर त्यावर दिले गेले व ते रास्तच होते. पण साच्याची तक्रार चालू असतानाच साच्याबाहेरचे एक पुस्तक समोर आले, आणि तक्रार करणाऱ्यांनीच त्याची पुरेशी दखल घेतली नाही.

विदर्भाची जमीन

‘वस्ती’ समजून घेण्यासाठी प्रथम ज्या भूमीत ती उगवली ती समजून घ्यावी लागते. बलुतं हा शब्द पश्चिम महाराष्ट्रातील गावगाड्याचा प्राण आहे. गावकीची कामे करायची आणि त्याबदल्यात धान्याचा वाटा उचलायचा, हे तेथील महार समाजाचे हक्कही होते आणि बेडीही. नागपूर प्रांतातील स्थिती काहीशी निराळी होती. येथेही गावची कोतवालकी महार समाजाकडे असे आणि अस्पृश्यता होतीच. परंतु जाडेभरडे कापड विणणे हा या भागातील महार समाजाचा मोठा व्यवसाय होता, ही नोंद रसेल यांच्या १९१६ च्या मध्यप्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथातही आढळते. भंडारा जिल्ह्यात जुन्या पिढीतील माणसांना मागाचा खटखटाट अजून आठवतो. जमीनव्यवस्था रयतवारी नव्हती, मालगुजारी होती. पुढे गिरण्यांच्या कापडाने हातमाग बसविला, तेव्हा हा कारागीर नागपूरच्या गिरण्यांकडे वळला. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली होती आणि गिरणी कामगारांच्या वसाहती शहराच्या निरनिराळ्या भागांत वाढत गेल्या. गावाच्या दयेवर न जगणारा, रोख मजुरी घेणारा, स्वतःची संस्था काढण्याची कुवत असणारा असा एक अस्पृश्य वर्ग येथे तुलनेने लवकर उभा राहिला.

या वर्गाचा इतिहास स्वतः मून यांनीच लिहिला आहे. ‘मध्यप्रांत-वऱ्हाडातील डॉ. आंबेडकरपूर्व दलित चळवळ’ (१९८७) हे त्यांचे पुस्तक किसन फागुजी बनसोड, ग. आ. गवई, गोंदियाचे कालीचरण नंदागवळी अशा कार्यकर्त्यांच्या पिढीला समोर आणते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ मध्ये ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. मुलींसाठी शाळा काढणारे नंदागवळी हे आपल्याच मातीतील होते, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगावे लागते, ही खंत येथे नोंदवून पुढे जातो.

या इतिहासग्रंथानंतर आठ वर्षांनी ‘वस्ती’ आली, हा क्रम महत्त्वाचा आहे. जे कागदपत्रांत सापडले ते मून यांनी आधी लिहिले. जे कागदपत्रांत कधीच सापडले नसते, म्हणजे आखाड्यातील घाम, भजनाच्या रात्री, जयंतीच्या मिरवणुकीची तयारी, पोरांच्या टोळ्या, गल्लीतील रुसवेफुगवे, ते त्यांनी नंतर लिहिले. एका चळवळीचे दोन भाग त्यांनी दोन वेगवेगळ्या साहित्यप्रकारांत ठेवले. त्यामुळे ‘वस्ती’ला केवळ आठवणींचा संग्रह समजणे म्हणजे तिच्या लेखकाची दृष्टी न ओळखणे होय.

‘मी’ कमी, ‘आम्ही’ अधिक

नागपुरातील महारपुरा ही या पुस्तकाची नायिका आहे. छोट्या छोट्या प्रकरणांतून ती आकाराला येते. वडिलांच्या आधाराविना वाढणारा मुलगा, काबाडकष्ट करून घर चालविणारी आई, उपासमारीचे दिवस हे सारे पुस्तकात आहे. दारिद्र्य लपविलेले नाही. परंतु दारिद्र्य हे या पुस्तकाचे कथानक नाही, ती त्याची हवा आहे. कथानक आहे ते माणसे एकत्र येण्याचे. कोण कोणत्या तालमीत जाई, कोणाचा गळा गोड होता, कोणी वाचनालयासाठी धडपड केली, कोणाच्या शब्दाला वस्तीत वजन होते, असे तपशील मून इतक्या आस्थेने देतात की अपरिचित वाचक नावांच्या गर्दीत गोंधळून जातो. या गर्दीवर आक्षेप घेता येईल, आणि तो पुढे घेतलाही आहे. तथापि ज्या माणसांची नावे गावदप्तरात जातीने आणि कामाने नोंदली जात, त्यांची नावे एकेक करून गुणांसह लिहिणे हा त्या लेखनाचा हेतूच होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पुस्तकातील कालगणनाही वेगळी आहे. एखाद्या मध्यमवर्गीय आत्मचरित्रात शाळाप्रवेश, मुंज, मॅट्रिक, नोकरी, विवाह असे टप्पे असतात. ‘वस्ती’चा काळ सभा, परिषदा आणि मिरवणुकांनी मोजला जातो. १८ ते २० जुलै १९४२ या तीन दिवसांत नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, तीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या स्थापनेचा निर्णय झाला. त्याच मांडवात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद झाली आणि समता सैनिक दलाचेही अधिवेशन पार पडले. मून तेव्हा दहा वर्षांचे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. या दोन तारखांच्या मधले जे चौदा वर्षांचे अंतर, तेच त्यांचे कुमारवय आणि तारुण्य. व्यक्तीच्या वाढीचा आणि समाजाच्या वाढीचा आलेख एकाच रेषेत यावा, असे भाग्य थोड्या लेखकांना लाभते. मून यांनी या योगायोगाचा नाट्यमय उपयोग केला नाही. स्वतःला त्यांनी गर्दीतच उभे केले आहे. दीक्षाभूमीवरील लाखोंमध्ये एक, मिरवणुकीत एक, आखाड्याबाहेरच्या पोरांत एक.

या ठिकाणी ‘बलुतं’शी तुलना उद्बोधक ठरते. दया पवारांचा ‘मी’ दुभंगलेला आहे, कारण तो समाजापासून तुटला आहे आणि ते तुटणे त्याला सलते. मून यांचा ‘मी’ जवळजवळ अदृश्य आहे, कारण तो तुटलेला नाही. पहिल्यात आत्मशोध आहे, दुसऱ्यात समूहस्मृती आहे. पहिल्याला कलाकृती आणि दुसऱ्याला दस्तऐवज असे लेबल लावून आपण मोकळे होतो, तेव्हा एकाकीपणा हाच कलेचा निकष आहे असे आपण मान्य करीत असतो. असा निकष लावला तर संतांची गाथा, जात्यावरच्या ओव्या आणि आंबेडकरी जलसे यांचे काय करायचे, याचे उत्तर द्यावे लागेल.

‘वस्ती’मधील विनोदाविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. अभावातही मुले खोड्या काढतात, भांडतात, बढाया मारतात, आणि मून ते मिस्कीलपणे सांगतात. दलित स्वकथनात वाचक हसण्याची तयारी ठेवून येत नाही. हसू आले तर त्याला अपराधी वाटते. हा संकोच वाचकाचा आहे, लेखकाचा नव्हे.

शीर्षकाचा प्रवास

‘वस्ती’चा इंग्रजी अनुवाद गेल ऑम्व्हेट (१९४१-२०२१) यांनी केला आणि २००१ मध्ये अमेरिकेतील रोमन अँड लिटलफील्ड या प्रकाशनसंस्थेने तो काढला. एलिनॉर झेलियट (१९२६-२०१६) यांची प्रस्तावना त्याला लाभली. दोघींचे या विषयावरील ऋण मोठे आहे. मराठी पुस्तकाला जगाच्या वाचकापुढे त्यांनीच नेले. पण इंग्रजीत गेल्यावर पुस्तकाचे नाव झाले ‘ग्रोइंग अप अनटचेबल इन इंडिया : ए दलित ऑटोबायोग्रफी’. हे शीर्षक कोणी ठरविले हा प्रश्न येथे गौण आहे. त्यात काय घडले ते पाहण्यासारखे आहे.

वस्ती हा शब्द वसणे या क्रियापदापासून आला. त्यात जात नाही. पश्चिम महाराष्ट्रात महारवाडा म्हणतात, आपल्याकडे पुरा म्हणतात, टोली म्हणतात, मोहल्ला म्हणतात. या सर्व शब्दांतून मून यांनी सर्वांत साधा आणि सर्वांत स्वाभिमानी शब्द निवडला. माणसे येथे वसली, एवढेच तो सांगतो. इंग्रजी शीर्षकात ही वस्ती नाहीशी झाली आणि तिच्या जागी एक वाढणारे मूल आले, त्या मुलाला ‘अस्पृश्य’ हे विशेषण लागले, देशाचे नाव आले आणि उपशीर्षकात वाङ्मयप्रकाराची खूणचिठ्ठी आली. जे पुस्तक ‘आम्ही’चे होते ते ‘मी’चे झाले. ज्या पुस्तकात माणसे अस्पृश्यतेचे जोखड फेकण्यासाठी संघटित होतात, त्याच्या मुखपृष्ठावर ते जोखड नाव म्हणून राहिले.

हे केवळ मून यांच्याच बाबतीत झाले असे नाही. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) हे नावातच आम्ही असलेले पुस्तक इंग्रजीत २००३ मध्ये ‘आउटकास्ट’ आणि २००५ च्या अमेरिकी आवृत्तीत ‘अनटचेबल्स’ झाले. ‘अक्करमाशी’ २००३ मध्ये ‘द आउटकास्ट’ झाली. ‘उचल्या’ १९९८ मध्ये ‘द ब्रँडेड’ झाले. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) इंग्रजीत ‘अगेन्स्ट ऑल ऑड्स’ झाले. त्यातील जातही गेली आणि आईच्या घराचा संदर्भही गेला. ‘जिणं आमुचं’चे २००८ मध्ये ‘द प्रिझन्स वी ब्रोक’ झाले, येथे मात्र बहुवचन टिकले आणि कृतीही आली, ही समाधानाची बाब. ‘बलुतं’ला २०१५ मध्ये जेरी पिंटो यांच्या अनुवादात आपले मूळ नाव राखता आले. तोपर्यंत सदतीस वर्षे लोटली होती आणि बहुधा मूळ शब्दालाच वजन आले होते.

या सर्व नावांकडे एकत्र पाहिले असता लक्षात येते की मूळ मराठी शीर्षके स्थळ, नाते, शिवी किंवा जगण्याची रीत सांगतात, तर अनुवादित शीर्षके बहुधा वाचकाला आधीच ठाऊक असलेली व्यथा सांगतात. शीर्षक ही पहिली समीक्षा असते. पुढचा परीक्षक त्या पाटीखालूनच आत शिरतो.

ऑम्व्हेट या समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या आणि झेलियट या इतिहासाच्या. इंग्रजी जगात ‘वस्ती’ गेली ती या दोन शास्त्रांच्या हाताला धरून. तेथे ती नागपूरच्या आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासाचे साधन ठरली. साधन म्हणून तिची योग्यता निर्विवाद आहे. पण महाराष्ट्रातील साहित्यसमीक्षेनेही तिला इतिहासकारांच्या दालनात ठेवून दिले, आणि इतिहासकार स्मृतीवर किती विसंबावे असे म्हणत तिच्याकडे पुरवणी म्हणून पाहतात. साहित्यात ती इतिहास आणि इतिहासात ती साहित्य, अशी तिची दोन्ही घरी पाहुणी म्हणून वासलात लागली.

मर्यादा

‘वस्ती’चे समर्थन करताना तिच्या उणिवांकडे डोळेझाक करणे योग्य ठरणार नाही.

सर्वांत मोठी उणीव म्हणजे हा ‘आम्ही’ बहुतांशी पुरुषांचा आहे. आखाडा, सैनिक दल, सभा, मारामाऱ्या, मिरवणुका या साऱ्या पुरुषांच्या जागा. आई आहे, तिच्या कष्टांविषयी कृतज्ञता आहे, वस्तीतील कर्तबगार स्त्रियाही दिसतात. परंतु घराच्या आत काय चालले होते याचा हिशेब वस्तीच्या अभिमानापुढे मागे पडतो. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये आपल्या समाजाचा अभिमान बाळगूनही पुरुषांनी स्त्रियांवर केलेले अत्याचार निर्भीडपणे लिहिले. त्यांचाही ‘आम्ही’ सामूहिक आहे, पण तो स्वतःलाच जाब विचारतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रिया स्वतःच्या शब्दांत बोलतात. ‘वस्ती’ वाचणाऱ्याने ही दोन पुस्तके शेजारी ठेवली नाहीत तर त्याला नागपूरच्या चळवळीचे अर्धेच चित्र मिळेल. याच कारणासाठी, १९४२ च्या परिषदेतील महिला अधिवेशनाचा उल्लेख वर मुद्दाम केला.

दुसरी उणीव अधिक नाजूक आहे. फेडरेशनचा काळ हा राजकीय निष्ठेचा काळ होता. काँग्रेसकडे गेलेल्या, ‘हरिजन’ म्हणवून घेणाऱ्या स्वजातीयांशी वस्तीने संबंध तोडले. शतकानुशतके बहिष्कार सोसलेला समाज आपल्यातील मतभेद्यांवर बहिष्काराचेच शस्त्र उगारतो, हा प्रसंग कोणत्याही मोठ्या लेखकाला अस्वस्थ करील असा आहे. मून तो काळ चळवळीच्या बाजूने पाहतात. त्या क्षणी त्यांची निष्ठा समजते, परंतु पन्नास वर्षांनंतर लिहिणाऱ्याकडून थोड्या अंतराची अपेक्षा होती. येथे ‘बलुतं’ पुढे जाते. दया पवार स्वतःला आणि स्वकीयांना सोडत नाहीत.

तिसरी गोष्ट नावांच्या गर्दीची. तिच्यामागील हेतू मान्य केला तरी काही प्रकरणे यादीसारखी होतात, व्यक्ती उभी राहण्याआधीच पुढची व्यक्ती येते. संपादक मून येथे लेखक मून यांच्यावर मात करतात. एकही नाव सुटू नये ही संपादकाची काळजी. काही नावे सुटू द्यावीत ही लेखकाची गरज.

या उणिवा मांडल्या त्या अशासाठी की ‘वस्ती’वर मतभेद व्हावेत, वाद व्हावा, ही तिची खरी निकड आहे. आदराने बाजूला ठेवलेले पुस्तक लवकर मरते.

भंडाऱ्यातील वाचन

प्रस्तुत लेखकाने ‘वस्ती’तील काही प्रकरणे पदव्युत्तर वर्गात वाचून दाखविली, तेव्हा आलेला अनुभव येथे नोंदविण्याजोगा आहे. एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, पण यात दलितांवरचा अन्याय कोठे आहे?” हा विद्यार्थी स्वतः पवनी तालुक्यातील एका बौद्ध कुटुंबातील होता. परीक्षेसाठी त्याने वेदना, नकार आणि विद्रोहाच्या टिपणांची घोकंपट्टी केली होती. स्वतःच्या घराण्याच्या कथेत अन्यायाखेरीज दुसरे काही असू शकते आणि तेही साहित्य असते, याची त्याला परवानगीच मिळाली नव्हती. ती मागण्याची वेळ त्याच्यावर आणली ती आपण, म्हणजे शिकविणाऱ्यांनी आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी. ‘दलित आत्मकथनातून व्यक्त होणारे दुःख स्पष्ट करा’ असा प्रश्न आपण काढतो. ‘दलित आत्मकथनातील मैत्री’ किंवा ‘संघटनकौशल्य’ किंवा ‘विनोद’ यांवर प्रश्न काढलेला पाहण्यात नाही.

या जिल्ह्याला तर असे प्रश्न विचारण्याचा विशेष अधिकार आहे. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत भंडारा हा द्विसदस्य मतदारसंघ होता. राखीव जागेसाठी स्वतः डॉ. आंबेडकर उभे होते आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून सुमारे ८ हजार मतांनी त्यांचा पराभव झाला. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत ही घटना एका पराभवाची नोंद म्हणून येते. परंतु त्या निवडणुकीत गावोगाव कोण फिरले, बैलगाड्या कोणी दिल्या, भाकरी कोणी थापल्या, निकालाच्या रात्री टोल्यांवर काय वातावरण होते, हे सांगणारे लेखन म्हणजे भंडाऱ्याची ‘वस्ती’ ठरली असती. त्या पिढीतील फार थोडी माणसे आता उरली आहेत.

वर्गातील त्या प्रश्नानंतर विद्यार्थ्यांना आपल्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीची एक आठवण, तिच्याच बोलीत, लिहून आणण्यास सांगितले. दुःखाचीच हवी असे काही सांगितले नाही. दुसऱ्या आठवड्यात सतरा वह्या आल्या. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या आजीची आठवण झाडीबोलीत उतरवून आणली होती. तीत भूक होती, पण ती तिसऱ्या पानावर. पहिली दोन पाने जयंतीसाठी टोलीने वर्गणी कशी जमविली, बॅंडवाला वेळेवर आला नाही म्हणून पोरांनी पत्र्याचे डबे कसे वाजविले आणि आजी त्या वेळी नवी नवरी असूनही घरातून कशी सटकली, यांनी भरलेली होती. चार पानांच्या त्या लेखनात ‘मी’ हा शब्द पाच ठिकाणी आला होता. ‘आमी’ किती वेळा आला ते मोजले नाही.